मोल्ड मोल्डरकडे परस्पर पाठवू नका

चाकणच्या मोल्डरला (साच्यातून प्लॅस्टिकच्या वस्तू काढून देणाऱ्याला) झाकणाचं काम द्यायचंय, टूलरूम (साचा बनवणारा कारखाना) मोल्ड, म्हणजे साचा, परस्पर त्याच्याकडे पाठवणार आहे, तर गोपनीयतेचा करार पुरेल का, असं विचारलंय तुम्ही. त्या 'परस्पर'पाशीच आमचं घोडं पेंड खात होतं, म्हणून लिहितोय.

आमचा करार एका सल्लागाराच्या ऑफिसातून आला होता. गोपनीयतेवर पानंच्या पानं, मोल्डवर एक ओळ नाही. मोल्ड थेट मोल्डरकडे उतरला. आमचं चलन (माल पाठवल्याचा कागद) नाही, मोल्डवर नाव नाही. पुढे रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या, पैशावरून वाजलं, तसा तो म्हणाला, आधी हिशेब, मग मोल्ड. पोलीस चौकीत 'हे दिवाणी आहे' म्हणून बोळवण झाली. सल्लागाराने नोटिशीची वेगळी फी सांगितली! ऐन सीझनला माल बंद, म्हणून निमूट पैसे भरले.

मी वकील नाही, तुमच्या वकिलाला विचाराच. पण करार कायद्याच्या कलम 170 नुसार, ज्या मालावर कारागिराने काम केलंय तो मजुरी मिळेपर्यंत त्याला अडवता येतो, करारात उलट ठरलं नसेल तर. मोल्डला हे लागतं का, यावर वकील खुशाल भांडतील. तोवर तुमचं उत्पादन ठप्प. म्हणून सरळ लिहा: मोल्ड आमचा, येणं-देणं काहीही असो, मागितल्यावर अमुक दिवसांत परत.

मोल्ड परस्पर गेला तरी जीएसटीच्या नियम 45 प्रमाणे चलन तुमचंच लागतं. जॉबवर्कला, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला, दिलेला कच्चा माल वर्षात परत यावा लागतो, मोल्डला ती मुदत नाही, म्हणून लोक चलनाचा कंटाळा करतात. त्यावर मोल्ड नंबर, कॅव्हिटी (साच्यातल्या पोकळ्या) किती, वजन टाका. प्लेटवर नाव कोरून घ्या. स्टिकर तेलाने निघतो.

गोपनीयतेचा फार बाऊ नको, असं माझं मत. झाकण बाजारात आलं की कोणीही व्हर्निअर लावून मोजतो. त्यापेक्षा दाणा (कच्चं प्लॅस्टिक) तुमचा असेल तर रनर (वस्तूसोबत निघणारा प्लॅस्टिकचा टाकाऊ दांडा) कोणाचा आणि रीग्राइंड (तो दळून पुन्हा वापरलेला माल) किती टक्के, ते ठरवा. मोल्डर लघुउद्योगात नोंदलेला असेल तर त्याचं पेमेंटही लटकवू नका: लेखी मुदत नसेल तर 15 दिवस, असली तरी 45 च्या वर नाही.

मोल्ड परत आणायचा खर्च कोणाचा, तेही लिहा. आमच्याकडे मोल्ड उचलायच्या चेनपुलीच्या भाड्यावरूनही गेटवर हुज्जत झाली होती.