खुडूक कोंबडी बसवायची तर सगळी अंडी एकाच रात्री ठेवा

ताई, गोराईला घरामागे तीन गावठी कोंबड्या आहेत, एक खुडूक झालीय (अंडी घालणं थांबवून उबवायला बसलीय), दुकानातली अंडी ठेवून पिल्लं निघतील का आणि पावसाळ्यात बसवावी का, असं तुम्ही विचारलंय.

दुकानातली अंडी अजिबात ठेवू नका. लेयर फार्मवर, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, कोंबडा नसतो, ती अंडी फलित नसतातच. ज्यांच्या कोंबड्यांत कोंबडा फिरतो त्यांच्याकडून घ्या. मध्यम आकाराची, तडा न गेलेली घ्या आणि धुऊ नका. धुतल्यावर कवचावरचा थर जातो, जंतू आत शिरतात. आपल्याकडच्या उकाड्यात चार-पाच दिवसांपेक्षा जुनं अंडं नको. उबेने गर्भ आधीच थोडा वाढू लागतो आणि पुढे मरतो.

कोंबडी खरंच खुडूक आहे का ते आधी बघा. हात जवळ नेला की पिसं फुलवून चोच मारते, रात्रीही खुराड्यातल्या दांडीवर न जाता तिथेच बसते. दोन रात्री असं दिसलं की मग अंधार पडल्यावर तिच्याखाली अंडी सरकवा.

दहा-बारा पुरेत. जास्त ठेवली की पंखाबाहेर एखादं राहतं, आणि ती अंडी फिरवते तसं आळीपाळीने प्रत्येकच गारठतं. रोज एक-एक टाकत गेलात तर २१व्या दिवशी पहिली पिल्लं निघतील, एक-दोन दिवसांत ती त्यांना घेऊन उठेल आणि बाकीची अंडी आत जिवंत पिल्लू असताना वाया जातील. बहुतेक घरी नुकसान इथेच होतं. म्हणून सगळी एकाच रात्री ठेवा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करा. दुसरी कोंबडी येऊन त्यातच अंडं घालते, बिनखुणेचं रोज काढा.

पावसाळा चालतो, जागा मात्र कोरडी हवी. प्लॅस्टिकच्या क्रेटपेक्षा बांबूची टोपली बरी. तळाला चुलीची राख, वर पेंढा. राख उवांसाठी, कारण उवा झाल्या तर कोंबडी अंडी सोडून उठते. घुशींसाठी अर्ध्या इंचाची जाळी लावाच.

मका, ज्वारी, पाणी जवळ ठेवा. दिवसातून एकदा १५-२० मिनिटं उठली तर घाबरू नका.

सातव्या रात्री अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरा. काळा ठिपका आणि त्यातून पसरलेल्या लाल शिरा दिसल्या तर उत्तम. नुसतं पिवळट उजेडलं किंवा लाल कडं दिसलं तर काढा. १८व्या दिवसानंतर हात लावू नका. कवचाला पहिलं छिद्र पडल्यापासून बाहेर यायला २४ तासही लागतात. आपण सोललं तर आतल्या पडद्यातल्या शिरा फाटून पिल्लू मरतं. २३व्या दिवसापर्यंत न फुटलेली काढून टाका.

पाण्याच्या पसरट ताटलीत खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. खायला चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा नावाची लस डोळ्यात एक थेंब. कुपीत डोस भरपूर असतात आणि एकदा घोळली की दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा शेजाऱ्यांची पिल्लंही त्याच दिवशी करून घ्या.