हे त्यांना कळलं कसं?

बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा भाजीला गेलो होतो, तिथं तुझी आई भेटली. म्हणाली, "सर, रात्री बारा-बारापर्यंत टीव्हीपुढं बसतोय. पिरॅमिड काय, बुडालेली जहाजं काय, कुठले कुठले लेखक काय. चार गोष्टी सांगा त्याला." म्हणून लिहायला बसलोय. पण बघू नको असं मी सांगणार नाही. मला स्वतःला हे कार्यक्रम फार आवडतात. नुसतं बघताना एक प्रश्न जवळ ठेव: हे त्यांना कळलं कसं?

अँटिकिथेराचं यंत्र तू पाहिलंच असशील. ग्रीक बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर काढलेला, गंजून दगड झालेला काशाचा गोळा. संगीत चढतं, निवेदक आवाज खाली आणतो आणि "काही जणांच्या मते" म्हणत परग्रहावरच्या पाहुण्यांपर्यंत जातो. तिथं तू सावध हो. खरी थरारक गोष्ट त्याच्या पुढची आहे. २००५ मध्ये त्या तुकड्यांचं क्ष-किरणांनी थराथरांतून चित्रण केलं आणि आत दडलेली अक्षरं वाचता आली. तीस दातेरी चाकं शिल्लक आहेत. मागच्या बाजूच्या एका तबकडीवर २२३ चांद्रमासांचं चक्र आहे, म्हणजे ग्रहणं कधी येणार याचा हिशेब. दोन हजार वर्षांपूर्वी माणसानं हातानं दाते कापून हे केलं. परग्रहवासी आणून त्या कारागिराचं श्रेय काढून घेणं मला सहन होत नाही.

लेखकांवरच्या कार्यक्रमांत वेगळी काळजी घ्यावी लागते. मेणबत्तीच्या उजेडात पिसाची लेखणी चालवणारा शेक्सपिअर म्हणजे एक नट. खऱ्या माणसाच्या हातच्या म्हणून सहसा सहाच सह्या मानल्या जातात. जन्मदिवसाची नोंद नाही, बाप्तिस्म्याची आहे, २६ एप्रिल १५६४. बाकीचा बराचसा माणूस त्याच्या नाटकांतच शोधायचा.

अगाथा ख्रिस्तीची गोष्ट मला जास्त लागते. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री ती घरातून निघाली. सरे परगण्यात तिची रिकामी गाडी सापडली आणि देशभर शोध सुरू झाला. १४ तारखेला ती हॅरोगेटच्या हॉटेलात आढळली. तिथं तिनं आडनाव नील असं लिहिलं होतं, आणि तिच्या नवऱ्याचं ज्या बाईवर मन जडलं होतं तिचंही आडनाव नीलच. त्या मधल्या दिवसांत पडदा धूर, पाऊस, रडणारी नटी भरतो. पुढं आत्मचरित्र लिहिलं तेव्हाही या प्रकाराबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. मला वाटतं, ते मौनसुद्धा पुरावाच आहे आणि त्याचा मान राखावा. आपल्याच गावात राहून गेलेल्या कवयित्री इंदिरा संतांचं बघ ना. १९४६ मध्ये पती गेले, पदरात लहान मुलं, शिक्षिकेची नोकरी. त्यांच्या आयुष्यावर काही बघण्याआधी 'शेला' आणि 'मेंदी' वाच. वाचनालयात नाही मिळाली तर माझ्याकडून ने.

आता मुख्य सांगायचं ते. तू पडद्यावर लांबचे शिलालेख बघतोस, पण आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे ते जैन मंदिर, कधी नीट बघितली आहेस का? रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातली. त्याचा अधिकारी बीचण यानं बांधलेल्या 'रट्ट जिनालया'ला दिलेल्या दानाचे दोन शिलालेख बेळगावातच होते. ते जिनालय म्हणजे हीच बस्ती, असं मानतात. लेखांवर १२०४ च्या डिसेंबरातली तिथी आहे. आज ते दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लायोनेल बार्नेट यांनी ते वाचून छापले, म्हणून आपल्याला साल सांगता येतं. त्या लेखांची भाषा जुनी कन्नड.

शाळेत कन्नडच्या पेपराला तू किती वैतागायचास, ते मला आठवतंय. घरात मराठी, दाखल्यावर कन्नड. या भागातल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला आलेली ती ओढाताण मी हलकी मानत नाही. पण आठशे वर्षांपूर्वी आपल्या गावाला वेणुग्राम म्हणत होते ते ज्या दगडांवरून कळतं, त्यांच्या भाषेची अर्धी किल्ली तुझ्या हातात आधीच आहे. हळगन्नड, म्हणजे ती जुनी कन्नड, शिकायला वेळ लागेल. तू शिकावंस असं मला फार वाटतं. मला ते जमलं नाही, आणि त्या छापील पाठापुढं मी अजून इंग्रजी भाषांतर धरूनच बसतो.

येत्या रविवारी सकाळी सातला किल्ल्याच्या दारात ये. बॅटरी आण, वही आण. मंडपात गेलास की आधी छताकडं बघ. तिथं दगडातून कोरून काढलेलं कमळ आहे. मी काही सांगायच्या आत त्याच्या पाकळ्या मोजून ठेव. मग नेमिनाथांसमोर बसून बोलू. परतताना तुझ्या आईसाठी कुंदा घेऊ.

तुझे,
सर