भाडेपावती कुणाच्या नावावर?

प्रश्न : काका, माझा कापडी पिशव्यांचा घाऊक धंदा आहे. काळबादेवीत गाळा मिळतोय. पुढे काउंटर, मागे माल. भाडं ४०,००० रुपये, डिपॉझिट २ लाख, तीन वर्षांसाठी. देणारे म्हणतात, ‘स्टँपपेपरवर लिहून घेऊ, रजिस्टर कशाला? खर्च वाढतो.’ गाळा पागडीचा आहे, पण ‘मालकाची काळजी करू नका’ म्हणाले. घेऊ का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, काळजी मालकाचीच करायची! पागडी म्हणजे मालकाला एकरकमी पैसे मोजून नाममात्र भाड्याने घेतलेली जागा. म्हणजे तुम्हाला गाळा देणारा माणूस मुळात भाडेकरू आहे. पागडीच्या गाळ्यात मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, की मालकाला जागा खाली करून घ्यायचं कारण मिळतं. दावा गाळा देणाऱ्यावर होतो, पण माल तुमचा रस्त्यावर येतो. तीस वर्षं फोर्ट-काळबादेवीत दलाली केली. २००४ साली मीच एका कापडवाल्याला असा गाळा मिळवून दिला होता. त्यानंतर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात त्याच्यासोबत इतक्या खेपा घातल्या, की दलाली चहापाण्यातच गेली. तेव्हा आधी मालकाची लेखी संमती, मगच टोकन.

आता रजिस्टरचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ : लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्याची. आणि खर्च तो किती? तीन वर्षांचं भाडं १४,४०,०००, त्यात डिपॉझिटचे दरसाल १० टक्के धरून ६०,०००. झाले १५ लाख. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ३,७५०, आणि नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी कुणी टाळत असेल, तर कारण पैसे नाही, हे ओळखा.

देणारा जीएसटीत नोंदलेला असेल तर भाड्यावर १८ टक्के वेगळे, आधीच विचारा. जागा टेप घेऊन स्वतः मोजा, पोटमाळा हिशोबात धरू नका. तो बहुतेकदा विनापरवाना असतो, आणि भाडं मात्र त्याचंही लावतात.

एक मात्र तुम्ही लिहिलं नाही : माल किती? त्या गल्ल्यांत मोठा टेम्पो शिरत नाही, हातगाडीवरच भिस्त. गठ्ठे जास्त असतील तर काळबादेवीत नमुन्यांपुरतं छोटं काउंटर घ्या आणि माल भिवंडीच्या गोदामात ठेवा. किती गठ्ठे लागतात ते कळवा, मग भाड्याचं बोलू.