जुन्या इंग्रजी कोशांत ‘ओ-यू-जी-एच’च्या शब्दांचे अर्थ कसे दिले आहेत?

मुलीला इंग्रजी शिकवताना तुम्हाला पडलेला प्रश्न असा: कॉफ, टफ, प्लाउ, थ्रू, डो या सगळ्यांत ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं ओळीने येतात, पण उच्चार दर वेळी निराळा. मग जुन्या कोशकारांनी या शब्दांचं काय केलं, आणि ते कोश आज उघडून बघण्यासारखे आहेत का?

जरूर बघा. सुरुवात सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशापासून करा आणि आधी ‘कॉफ’ काढा. खोकल्याचा अर्थ त्याने असा दिलाय: कुठल्याशा तिखट, पातळ द्रवाचे चिमटे बसून फुप्फुसांना येणारा आचका. शरीरातले द्रव बिघडले की माणूस आजारी पडतो, हे तेव्हाचं वैद्यक. ते सगळं या एका ओळीत आलंय. आणि लगेच पुढे सूचना, की याचा उच्चार सी-ओ-एफ-एफ असा करावा. एरवी जॉन्सन शब्दावर आघाताची खूण करून पुढे जातो. इथे मात्र नुसतं स्पेलिंग बघून कुणाला वाचता येणार नाही, हे त्याने ओळखलं होतं.

त्याच्या जोडीला उचकी वाचा. तिचं स्पेलिंग त्याने शेवटी ‘कॉफ’ लावून दिलंय आणि अर्थ दिलाय, हुंदके आणणारा पोटाचा आचका. खोकला फुप्फुसांचा, उचकी पोटाची, आचका दोन्हीकडे तोच. गंमत अशी की या शब्दाचा खोकल्याशी काही संबंध नाही. ‘हिकप’ हा उचकीच्या आवाजावरून आलेला जुना शब्द. लोकांनी त्यात खोकला ऐकला आणि स्पेलिंग बदललं. जॉन्सनने मात्र उलट धरलं: ‘हिकप’ हाच त्याला अपभ्रंश वाटला.

आता असे अवघड अर्थ का? माझ्या मते उच्चारांचा गोंधळ आणि अर्थांचा अवघडपणा यांचं मूळ एकच आहे. यातले बहुतेक शब्द घरातले आणि शेतातले आहेत: कणीक, नांगर, फांदी, गुरांचं डोण, चिखल, खोकला. रोज तोंडात असल्यामुळे त्यांचे आवाज झिजले. आणि रोजचे असल्यामुळेच त्यांचा अर्थ सांगायला त्यांच्याहून सोपा शब्द सापडत नाही. जॉन्सनने प्रस्तावनेत हे स्पष्ट लिहिलंय, की सर्वांत सोप्या शब्दाला त्याहून सोपा शब्द देताच येत नाही. ‘ट्रॉफ’ म्हणजे गुरांचं डोण बघा: वरच्या बाजूने लांबीत उघडी असलेली, पोखरलेली कुठलीही वस्तू. ‘बाउ’ बघा: झाडाचा हात किंवा मोठा फुटवा, फांदीपेक्षा मोठा, पण दर वेळी तो फरक पाळला जातोच असं नाही. हे शेवटचं मला फार आवडतं. बोलणारे लोक ज्या दोन शब्दांत काटेकोर भेद करत नाहीत, तिथे त्याने तो ओढूनताणून केला नाही.

सगळ्यांत चांगली नोंद ‘एस-एल-ओ-यू-जी-एच’ची. ‘स्लाउ’ म्हणून वाचलं तर खोल चिखलाची जागा, घाणीने भरलेला खड्डा. ‘स्लफ’ म्हणून वाचलं तर सापाने ठरावीक काळाने टाकलेली कात, आणि चिघळलेल्या जखमेवरून सुटणारा भागही. स्पेलिंग एक, शब्द दोन.

उच्चारांचं कारण थोडक्यात सांगतो. हा ‘जी-एच’ पूर्वी मुका नव्हता. स्कॉटिश लोक तळ्याला ‘लॉख’ म्हणताना घशातून जो घासता ख काढतात, तसा तो आवाज होता. पुढे काही शब्दांत तो गळाला, काहींत त्याचा फ झाला. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन, त्याने १४७६ मध्ये लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि त्यानंतर स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. बोलणं मात्र बदलतच राहिलं. जॉन्सनने ज्या घरात हा कोश रचला, ते लंडनचं घर आजही उभं आहे. पत्ता गॉफ स्क्वेअर, आणि या ‘गॉफ’मध्येही तीच चार अक्षरं!

अमेरिकेत कोशकार नोआ वेब्स्टरने हे स्पेलिंग दुरुस्त करायचंच ठरवलं. १७८९ च्या निबंधात त्याने ‘टफ’ टी-यू-एफ असा लिहावा, असं सुचवलं. ते चाललं नाही, पण ‘प्लाउ’चं ओ-डब्ल्यूवालं स्पेलिंग तिकडे रुजलं. त्याच्या १८२८ च्या कोशात नांगराचा अर्थ जरूर वाचा. बैल किंवा घोडे ओढतात, खणण्याचे कष्ट वाचतात, म्हणून शेतीतलं हे सर्वांत उपयोगी अवजार, असं त्याने लिहिलंय. जॉन्सन मात्र बी पेरण्यासाठी जमिनीत तास पाडायचं साधन, एवढं सांगून थांबतो.

तुमच्या कामाचा आणखी एक कोश म्हणजे जॉन वॉकरचा, १७७५ चा. वॉकर आधी नाटकात काम करायचा, पुढे वक्तृत्व शिकवू लागला. त्याने शब्द शेवटच्या अक्षराकडून लावले. त्यामुळे एरवी कोशभर विखुरलेले कॉफ, ट्रॉफ, प्लाउ, थ्रू तिथे एकाच ठिकाणी भेटतात. तिन्ही कोशांची मूळ पानं इंटरनेटवर फुकट बघता येतात. वॉकरमधलं ‘जी-एच’चं पान मुलीसमोर उघडा, तिला हवा तो शब्द तिलाच निवडू द्या आणि मग तो जॉन्सनमध्ये शोधा.