दर्जा म्हणजे पायरी

प्रश्न: परिस्थितीप्रमाणे जुळवून घेणाऱ्या मल्टिमीडिया यंत्रणांवरच्या एका टिपणात 'क्वालिटी ऑफ सर्व्हिस स्पेसिफिकेशन'ला 'सेवा गुणवत्ता विनिर्देश' म्हटलं आहे. (सेवा कितपत चांगली हवी, हे अॅप यंत्रणेला आधीच सांगून ठेवतं, ते हे स्पेसिफिकेशन.) योग्य आहे का?

व्याकरणाने चूक नाही, पण नेमका नको तो शब्द निवडला आहे. 'गुणवत्ता' हल्ली दिसेल तिथे चिकटवतात. 'गुणवत्तापूर्ण शिक्षण', 'गुणवत्तापूर्ण पनीर'! गुणवत् म्हणजे गुण असलेला, त्याचा भाव ती गुणवत्ता. त्यात पुन्हा 'पूर्ण' कशाला? दहावीच्या गुणवत्ता यादीत ती शोभायची, कारण गुण एकदा मिळाले की बदलत नाहीत. इथे सेवा क्षणाक्षणाला वरखाली होते.

त्यासाठी 'दर्जा'च हवा. अरबीत 'दरजा' म्हणजे जिन्याची पायरी. 'दरज' म्हणजे जिना, आणि तापमानाचा अंशसुद्धा दरजाच. पायरीवरून हुद्दा, हुद्द्यावरून प्रत, असा अर्थ सरकत गेला आणि शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. हिंदीत शाळेची इयत्ताही दर्जाच.

आता फोनवरचा चित्रपट बघा. सर्व्हरवर तो 240, 360, 480, 720, 1080 (चित्रातल्या आडव्या ओळी) अशा वेगवेगळ्या प्रतींत असतो आणि प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेली असते. आधीचा तुकडा किती वेगाने आला, फोनमध्ये आधीच आणून ठेवलेल्या साठ्यात किती सेकंद उरलेत, हे बघून फोन पुढचा तुकडा वरच्या प्रतीतला मागतो किंवा खालच्या. या प्रतींच्या उतरंडीला इंजिनिअर 'बिटरेट लॅडर' म्हणतात (बिटरेट म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा). म्हणजे शिडीच! अरबीतली पायरी कधीपासून आपल्या तोंडात आहे आणि आपण ती टाकून गुणवत्ता शोधत बसलो.

'दर्जा परका, श्रेणी म्हणा' हे भाषाशुद्धीवाल्यांचं म्हणणं मला साफ अमान्य आहे. श्रेणी म्हणजे ओळ. ओळीत पुढेमागे होता येतं, चढता-उतरता येत नाही. संस्कृतच हवं तर शिडीला निःश्रेणी आहे, कोकणातली निसण तिच्याच कुळातली. ती घ्या, मी आनंदाने मागे हटेन. पण ती कोणी सुचवत नाही.

माझी मावशी रत्नागिरीहून व्हिडिओ कॉल करते. पावसात रेंज गेली की तिच्या चेहऱ्याचे चौकोन होतात, पण "जेवलास का रे?" लख्ख ऐकू येतं. "चित्र उतरलं वाटतं," असं ती म्हणते. उतरलं! पायरी तिच्या बोलण्यात आहेच. आणि यंत्रणेनेही बरोबर तेच केलेलं असतं: चित्र उतरवलं, आवाज राखला. धूसर चेहरा चालतो, अडखळणारं बोलणं चालत नाही. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला शक्यतो 150 मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

'विनिर्देश' राहिलाच. 'सेकंदाला 30 चौकटी (फ्रेम) दे, नाही जमलं तर 15 चालतील, त्याखाली आलास तर चित्र बंद कर, पण आवाज तोडू नकोस,' असं अॅप यंत्रणेला आधीच सांगून ठेवतं. घर भाड्याने देताना आपण 'या बोलीवर देतो' म्हणतो, तीच ही बोली, म्हणजे अट. मी 'सेवादर्जाची बोली' लिहीन.