फिरत्या घरातील गॅस : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या व्हॅनमधील शेगडीला लागणारे २२० ग्रॅमचे ब्यूटेनचे डबे फार महाग पडतात. उद्यमनगरातील ओळखीच्या कारागिराने लेथवर पितळी अडॅप्टर करून दिला आहे. त्या अडॅप्टरने घरच्या सिलिंडरमधून हे डबे भरले, तर बिघडते काय? (रुईकर कॉलनी)

उत्तर : अडॅप्टर चोख असेल याबद्दल मला शंका नाही, उद्यमनगरात केलेले आटे जुळले नाहीत, असे सहसा घडत नाही. परंतु आटे जुळले म्हणून गॅस त्या डब्याला मानवेल असे नाही. आपल्या डब्यात ब्यूटेन असते, तर स्वयंपाकघरातील एलपीजी हे ब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. ४० अंश सेल्सिअसला ब्यूटेनचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पावणेचार पट असतो, प्रोपेनचा साडेतेरा पटींहून अधिक. मिश्रणाचा दाब या दोहोंच्या मधे कोठेतरी राहतो, आणि तो एकदा वापरून टाकण्यासाठीच केलेल्या पातळ पत्र्याला सोसावा लागतो.

दाबापेक्षाही मला अधिक काळजी वाटते ती भरण्याच्या प्रमाणाची. घरगुती सिलिंडरमध्ये ३३ लिटरांहून थोडे अधिक पाणी मावते, पण त्यात गॅस भरतात तो केवळ १४.२ किलो, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा मोकळा ठेवूनच. द्रव एलपीजी तापल्यावर दर १० अंशांना साधारण दोन ते तीन टक्के फुगतो, आणि त्या फुगण्यासाठी ही जागा लागते. घरी भरताना डबा कधी काठोकाठ झाला, हे बाहेरून दिसत नाही. असा डबा पहाटेच्या गारव्यात निमूट राहील. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या व्हॅनमध्ये मात्र द्रवाला फुगण्यास जागा उरत नाही आणि अंशागणिक दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पटींनी चढू लागतो. अशा वेळी पत्रा फाटण्यास ठिणगीचीही गरज नसते. शिवाय या डब्याचा व्हॉल्व्ह पुन्हा भरण्यासाठी केलेलाच नसतो. त्याच्या सीलवर बारीकसा कण अडकला, तरी गॅस झिरपत राहतो.

कायद्याचे म्हणाल, तर एलपीजीच्या पुरवठ्याविषयीचा २००० सालचा आदेश आणि २०१६ चे गॅस सिलिंडर नियम अशा परस्पर भरण्याला परवानगी देत नाहीत. तो अडॅप्टर कपाटात ठेवण्यापेक्षा कारागिराला परत केलेला बरा.

प्रश्न : विद्यार्थी खोलीवर वापरतात तशी दोन-तीन किलोची शेगडीसह टाकी एका दुकानात वजन करून भरून मिळते. वजन केल्यावर धोका उरत नाही ना? (राजारामपुरी)

उत्तर : वजन केल्याने जास्त भरण्याचा धोका टळतो, तोही टाकीचे रिकामे वजन आणि तिची क्षमता तिच्यावर खरी कोरलेली असेल तरच. मी पाहिलेल्या अशा अनेक टाक्यांवर ना आयएसआयची खूण होती, ना तपासणीची तारीख. कंपनीच्या सिलिंडरच्या कड्याखालील पट्टीवर आतल्या बाजूने ‘बी-२८’ असे काहीसे लिहिलेले असते. त्याचा अर्थ पुढील चाचणी २०२८ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत करावयाची आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि पुढे याच क्रमाने. बिनखुणेच्या टाकीची चाचणी कोणी घेतली, हे विचारावे तरी कोणाला? वजनकाटा त्याचे उत्तर देत नाही.

प्रश्न : मग व्हॅनसाठी घ्यावे तरी काय, आणि ठेवावे कोठे? (कसबा बावडा)

उत्तर : तेल कंपन्यांचा ५ किलोचा सिलिंडर घ्यावा. इंडियन ऑइलचा ‘छोटू’ अनेकांना ठाऊक आहे, इतर कंपन्यांचेही आहेत. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो आणि रिकामा देऊन भरलेला घेता येतो. लहान बर्नर पूर्ण आचेवर तासाला सुमारे १५० ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे रोज दीड तास चूल चालली, तरी तीन आठवडे निभावतात. व्हॉल्व्हला बसणारा रेग्युलेटर वितरकाकडूनच घ्यावा, आणि आतून तारेची जाळी असलेली आयएसआय नळी दर पाच वर्षांनी बदलावी.

जागेबाबत मात्र हयगय नको. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असल्याने गळला की खाली साचतो, आणि हवेत तो जेमतेम दोन टक्के झाला, तरी पेटू शकतो. म्हणून सिलिंडर उभा, पट्ट्याने घट्ट बांधलेला आणि राहत्या भागापासून पूर्ण बंद अशा कप्प्यात असावा. त्या कप्प्याच्या तळालाच गाडीबाहेर उघडणारी भोके असावीत. गळती ओळखणारा अलार्म फरशीलगत बसवावा, छताला बसवून उपयोग नाही. नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, काडी ओढून नव्हे. गाडी चालू असताना व्हॉल्व्ह बंद असावा. थंडी घालविण्यासाठी बंद व्हॅनमध्ये बर्नर पेटवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. गळती झाल्यास दारे उघडून बाहेर पडावे, स्विचला हात लावू नये आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : हिवाळ्यात स्पीतीला जाणार आहोत. तेथे डबा पेटत नाही, म्हणून त्यावर उकळते पाणी ओतावे असे एकाने सुचविले आहे. (शाहूपुरी)

उत्तर : ओतू नये. ब्यूटेन शून्याच्या किंचित खालीच उकळते, त्याहून थंड हवेत ते द्रवच राहते. आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचे, त्यासाठीच बनविलेले डबे आणि त्यांना जुळणारी शेगडी न्यावी. आपल्याकडे आंबा घाटात पहाटे आच मंदावली, तर डबा कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवणे पुरेसे असते.

प्रश्न : रिकाम्या डब्यांना भोक पाडून भंगारात द्यावे का? (उचगाव)

उत्तर : आधी उघड्यावर, शेगडीवरच ज्योत आपोआप विझेपर्यंत तो जाळून संपवावा. कानाजवळ हलवून आत द्रव उरला नसल्याची खात्री करावी. त्यानंतर भंगारवाल्याला तो गॅसचा डबा असल्याचे सांगूनच द्यावा. खिळा-हातोडीने भोक पाडण्याचा उद्योग घरी करू नये, व्हॅनमध्ये तर नाहीच.