मुंबईत राहून पहिली दुर्बीण घेताना गो-टू माउंट घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की बघायचं मुंबईतल्या गच्चीवरून, अधूनमधून शहराबाहेर जाणं होईल, तर मोटारवर चालणारा, सांगितलेली वस्तू आपोआप शोधणारा गो-टू माउंट (म्हणजे दुर्बिणीचा स्टँड) घ्यावा की साधा डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, घेऊन हाताने शोधायला शिकावं. साधा डॉब घ्या. पहिली दुर्बीण म्हणून गो-टू अजिबात नको.

आमच्या घरात हा वाद जुना आहे. साडूंनी पाच इंची गो-टू घेतला तेव्हा माझ्याकडे आठ इंची डॉब होता, आणि दर लग्नामुंजीत "अजून हातानेच ढकलताय का?" हे मला ऐकावं लागायचं. मग एका पाच फेब्रुवारीला दोन्ही कुटुंबं वांगणीजवळ ओळखीच्यांच्या शेतावर गेलो. साडूंनी ट्रायपॉड लेव्हल केला, बॅटरी जोडली, कंट्रोलरमध्ये ठिकाण, वेळ, तारीख भरली. तारीख आपण भरतो तशीच, आधी ५ मग २. तो कंट्रोलर महिना आधी घेतो, म्हणजे त्याच्या लेखी त्या दिवशी २ मे होता. अलाइनमेंटसाठी, म्हणजे एक-दोन ठळक तारे दाखवून यंत्राला दिशा पटवण्यासाठी, त्याने पहिला तारा सुचवला आर्क्ट्युरस, म्हणजे आपली स्वाती. रात्रीचे साडेआठ वाजले होते.

मी म्हटलं, "अहो, स्वाती आज साडेअकराच्या सुमाराला उगवेल."

"तुमच्यापेक्षा त्याच्या मेमरीत जास्त तारे आहेत," साडू म्हणाले.

नळी घरघरत पूर्वेला वळली आणि आंब्याच्या शेंड्यापाशी थांबली. साडूंनी बटणं दाबून जवळपासचा एक ठळक तारा मध्यभागी आणला आणि तीच स्वाती मानली. दुसरा ताराही असाच. अलाइनमेंट फेल. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा फेल.

तोवर त्यांची मुलगी कंटाळून माझ्याकडे आली. तिला म्हटलं, मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे दिसतात ना, त्यांच्या रेषेत खाली ये, तो झळझळीत व्याध. तो फाइंडरमध्ये (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत) घे आणि आता दक्षिणेला चारेक अंश सरक. एम ४१ हा तारकागुच्छ तिथेच आहे, ८ बाय ५० च्या (आठपट, ५० मिमीच्या) फाइंडरमध्ये व्याध आणि तो एकाच वर्तुळात मावतात. पोरीने स्वतः नळी ढकलून तो पकडला. थोड्या वेळाने ओरडली, "काका, हे पळतंय!" आकाश तासाला १५ अंश सरकतं हे शाळेत पाठ केलेलं असतंच. २५ मिमीच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) गुच्छ चार-पाच मिनिटांत एका कडेपासून दुसऱ्या कडेला जाताना पाहिला की ते खरं वाटतं. नंतर तासभर तिने मला दुर्बिणीला हात लावू दिला नाही.

साडूंचं अजूनही म्हणणं असं की चूक तारखेची होती, यंत्राची नव्हे, आणि तारीख सुधारल्यावर यंत्राने भराभर वीसेक वस्तू दाखवल्या. दाखवल्या, मान्य. त्यातली एक तरी कुठल्या नक्षत्रात होती, हे त्यांना आजही विचारून बघा. फेब्रुवारीच्या संध्याकाळी स्वाती नसते एवढं माहीत असतं तर ती चूक अर्ध्या मिनिटात सापडली असती. माझा मुद्दा तेव्हाही एवढाच होता, आणि सासरच्या मंडळींसमोर तो मला पूर्ण मांडू दिला गेला नाही.

पैशांचंही बघा. सुरुवातीच्या बजेटमध्ये मोटारी आणि कंट्रोलरचा खर्च आरशातून वजा होतो. पाच इंचीपेक्षा आठ इंची आरसा अडीचपट प्रकाश गोळा करतो, आणि अंधुक दीर्घिका बघताना उपयोग त्याचाच होतो.

आता तुमच्या गच्चीबद्दल. तिथे साडूंची बाजू थोडी खरी आहे, नाइलाजाने लिहितो. मुंबईत वाटेत खुणेला धरायचे तारेच दिसत नाहीत. अख्खी कर्क रास गायब असते, त्यामुळे पुष्याचा गुच्छ पुनर्वसू आणि मघा यांच्या मधोमध अंदाजानेच शोधावा लागतो. बघणं कायम गच्चीवरूनच होणार असेल तर गो-टूने वेळ वाचेल. पण एम १३ हा तारकागुच्छ मधोमध आणून दिला तरी शहरातून तो राखाडी डागच दिसणार. चंद्र, गुरू, शनी शोधायला मोटार कशाला हवी? फोटो काढायचे असतील तर मात्र मोटार लागतेच, पण ती ट्रॅकिंगसाठी, म्हणजे सरकत्या ताऱ्यामागे नळी फिरती ठेवायला. त्यासाठी इक्वेटोरियल, म्हणजे ध्रुवाकडे रोखून लावायचा, माउंट बघा आणि आधी गच्चीवरून ध्रुव दिसतो का ते तपासा. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो, उत्तरेला टॉवर असला की संपलं. कंबर-मान दुखत असेल तर वरचं सगळं विसरून गो-टू घ्या.

मधला मार्गही आहे. सेलेस्ट्रॉनच्या स्टारसेन्स एक्सप्लोरर दुर्बिणी फोनच्या कॅमेऱ्याने तारे ओळखतात आणि कुठे ढकलायचं ते बाणाने दाखवतात. ढकलायचं आपणच, त्यामुळे मला त्या चालतात. साडूंना नाही चालत.

आणि जूनमध्ये काहीच घेऊ नका. ढग सप्टेंबरअखेरपर्यंत हलत नाहीत, आणि मुंबईच्या दमट हवेत खोक्यात पडलेल्या आयपीसवर बुरशी चढते. ऑक्टोबरात घ्या.